जप्तीवाल्याची मुलगी

कराडला शाळेत असताना वडील काय करतात असं कुणी विचारलं की "कोर्टात आहेत" एवढंच सांगून मी विषय बदलायचे. समोरच्याला ते वकील वाटले तर वाटू द्यायचे. पण वर्गात एक मुलगा होता, त्याच्या चुलत्याची मोटारसायकल अण्णांनी जप्त केली होती. त्याने एकदा मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत "जप्तीवाल्याची पोरगी" म्हटलं आणि ते नाव मला दहावीपर्यंत चिकटलं.

अण्णा दिवाणी कोर्टात बेलीफ होते. सायकल, खाकी पिशवी, पिशवीत समन्सांचा गठ्ठा आणि आईने बांधून दिलेली चटणी-भाकरी. गावात जायचं, माणूस शोधायचा, कागद द्यायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. माणसाने कागद घ्यायलाच नकार दिला की दोन शेजारी साक्षीला बोलवून तो दाराला डकवायचा. संध्याकाळी परत येऊन नाझरसाहेबांसाठी, म्हणजे कोर्टातल्या बेलिफांच्या वरच्या साहेबांसाठी, अहवाल लिहायचा. "सदर इसम बाहेरगावी गेला असून केव्हा परत येईल हे घरातील इसम सांगत नाहीत." असली वाक्यं ऐकत मी मोठी झाले. आमच्या घरात दूध उतू गेलं तरी आई म्हणायची, "दूध मिळून आले नाही असा अहवाल लिहा आता."

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझे २,६५० डॉलर.

आम्ही बे एरियात भाड्याच्या घरात सहा वर्षं राहिलो. २०२३ च्या उन्हाळ्यात घर सोडलं. कॅलिफोर्नियात घरमालकाने डिपॉझिट, किंवा त्यातून काय कापलं याचा हिशेब, २१ दिवसांत द्यायचा असतो. आमच्या मालकाने दिला नाही. फोन केला की म्हणे कार्पेट खराब झालं. कार्पेट आम्ही राहायला आलो तेव्हाच खराब होतं आणि त्याचे फोटो माझ्याकडे तारखेसकट होते. (जप्तीवाल्याच्या घरात वाढलेली बाई राहायला येतानाच पंचनामा करून ठेवते.) नवरा म्हणाला, सोडून दे. मी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा टाकला. पन्नास डॉलर फी, वकील नाही, कारण तिथे वकील आणायचाच नसतो. समन्स बजावायला अठरा वर्षांवरचा, दाव्याशी संबंध नसलेला कुणीही चालतो. माझ्या मैत्रिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा जाऊन देऊन आला. "काकू, त्यांनी मला आधी पिझ्झावाला समजून आत घेतलं," असं परत आल्यावर सांगत होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुनावणी झाली, जेमतेम वीस मिनिटांची. निकाल माझ्या बाजूने लागला: २,६५० डॉलर, वर दाव्याचा खर्च. मी गाडीत बसून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र होती, पण ते जागे होते. वय ८१, झोप कमी.

"जिंकले अण्णा!"

"हुकूमनामा मिळाला म्हण," ते म्हणाले. "पैसे मिळाले की जिंकलीस."

मला राग आला. पण त्यांचं म्हणणं खरं निघालं. निकालानंतर तीस दिवस थांबायचं असतं. त्या मुदतीत हरलेल्याने एकतर अपील करायचं, किंवा पैसे द्यायचे, नाहीतर आपली मालमत्ता काय आहे याचा फॉर्म भरून जिंकलेल्याला पाठवायचा. आमच्या मालकाने तिन्हीपैकी काहीच केलं नाही. कोर्टातल्या क्लार्कबाईंना विचारलं, आता कोर्ट वसूल करून देईल ना? त्या म्हणाल्या, कोर्ट वसुली करत नाही, ती तुम्ही करायची. त्यांच्याकडून रिट ऑफ एक्झिक्यूशन घ्यायचं, म्हणजे आपल्याकडचं जप्तीचं वॉरंट, आणि ते घेऊन शेरीफकडे जायचं.

शेरीफ! माझ्या डोळ्यांसमोर घोडा, छातीवर तारा आणि कमरेला पिस्तूल आलं. मुंबईत वाढलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही आलं. तो म्हणाला, "शेरीफ म्हणजे फिती कापायला. दिलीप कुमार होता ना मुंबईचा शेरीफ, सुनील गावसकर पण होता." बरोबर आहे. आपल्याकडे त्याला नगरपाल म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड दोनदा त्या पदावर होते. पण फितींच्या मागे एक खरंखुरं कार्यालयही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतली, म्हणजे थेट तिथेच दाखल होणाऱ्या दाव्यांची, समन्स बजावणं, जप्ती, लिलाव ही कामं ते कार्यालय करतं. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर कुणाची थकबाकी असेल आणि कोर्टाने जहाज अटकेत घ्यायचा हुकूम काढला, तर त्या जहाजावर वॉरंट लावायला मुंबईच्या शेरीफचाच माणूस जातो. हे मी अण्णांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जहाज. आणि आम्ही सायकली जप्त करत बसलो."

कॅलिफोर्नियात ५८ काउंटी आहेत आणि प्रत्येक काउंटीत शेरीफ मतदानाने निवडून येतो. तुरुंग, गस्त, कोर्टातला बंदोबस्त हे सगळं त्याच्याकडे, ते बातम्यांत दिसतं. पण प्रत्येक शेरीफच्या कार्यालयात कुठेतरी मागच्या बाजूला एक सिव्हिल विभाग असतो, तो बातम्यांत कधी दिसत नाही. कोर्टाने कागदावर म्हटलेलं प्रत्यक्षात आणायचं, एवढंच त्याचं काम. सरळ मराठीत सांगायचं तर नाझरात, नाझरसाहेबांचं कार्यालय.

आणि खरंच नाझरात होती हो. जाड काचेची खिडकी, नंबराचा कागद, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फीचं कोष्टक. त्यात समन्सची फी, पगारावरच्या जप्तीची, बँक खात्यावरच्या जप्तीची, घर खाली करण्याची. एक ओळ मी दोनदा वाचली. दुकानाच्या गल्ल्यावरची जप्ती. म्हणजे शेरीफचा माणूस, डेप्युटी, दुकानात येतो, गल्ला उघडायला लावतो आणि त्या क्षणी जेवढे पैसे असतील तेवढे घेऊन पावती देतो. त्याहून महाग प्रकार म्हणजे डेप्युटी दिवसभर दुकानातच बसून राहतो आणि येईल ती रोकड ताब्यात घेतो. आपल्या ओळखीच्या इडली-डोशाच्या हॉटेलात रविवारी सकाळी असा माणूस गल्ल्याशी बसलाय असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आवरेना.

माझ्यापुढे एक मुलगी होती, कडेवर दीड-दोन वर्षांचं बाळ. तिने काचेखालून कागद सरकवले. आतल्या बाईंनी ते पाहिले, आवाज एकदम खाली आणला आणि विचारलं, तो आत्ता कुठे राहतो, कामावर किती वाजता जातो, घरात हत्यार आहे का. नवऱ्याने घराजवळ फिरकू नये असा कोर्टाचा मनाई हुकूम होता तो. असा हुकूम बजावायला शेरीफ फी घेत नाही. मुलगी पर्समधून कार्ड काढायला लागली तर आतल्या बाईंनी नुसती मान हलवली. माझा नंबर लागेपर्यंत मी माझ्या २,६५० डॉलरांबद्दल थोडी ओशाळले होते.

खिडकीवर पाटी होती: आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही. हे ते अक्षरशः पाळतात. मी विचारलं, बँकेवर जप्ती लावू की पगारावर? उत्तर आलं, ते तुम्ही लेखी सूचनेत लिहायचं. त्या सूचनेसाठी फॉर्म आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव त्या फॉर्ममध्ये आहे. शेरीफ कुणाच्या मागे लागत नाही, मालमत्ता शोधत नाही, अंदाज बांधत नाही. कुणाची, कुठली, कुठे असलेली वस्तू घ्यायची ते आपण लिहून द्यायचं. तेवढीच ते घेतात. माझा पहिला अर्ज परत आला, कारण निकालपत्रात मालकाच्या नावात मधलं अक्षर होतं आणि मी ते गाळलं होतं.

हे अण्णांना सांगितलं तर ते खूश झाले. "बरोबर केलं त्यांनी. एका गावात दोन शिवाजी पाटील असतात. बापाचं नाव चुकलं की दुसऱ्याची म्हैस दावणीतून सुटते." त्यांच्या हातून असं एकदा होता होता राहिलं होतं म्हणे. मला हे तेव्हाच, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मालकाचं खातं कुठल्या बँकेत आहे ते मला कसं कळलं, ते मात्र सांगते, कारण ही युक्ती उपयोगाची आहे. आम्ही भाडं चेकने द्यायचो. वटलेल्या चेकची मागची बाजू आपल्या बँकेच्या साइटवर दिसते. तिथे तो कुठल्या बँकेत भरला त्याचा शिक्का असतो. सहा वर्षांचे चेक, सगळ्यांवर एकच बँक. मी तो कागद छापून सूचनेला जोडला.

पहिली जप्ती एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात लागली. हाती आले ६११ डॉलर. झालं होतं असं, की कॅलिफोर्नियात माणसाच्या खात्यातली एक ठरावीक रक्कम कायद्याने सुरक्षित असते. कुटुंबाला जगायला किमान लागेल एवढी, तेव्हा साधारण दोन हजारांच्या आसपास. ती बँक आधीच बाजूला काढते आणि वर जे उरेल तेच शेरीफकडे पाठवते. शिवाय जप्तीचा कागद बँकेत पोचतो त्या वेळी खात्यात जे असेल तेवढंच हाती लागतं. दुसऱ्या दिवशी दहा हजार आले तरी त्या जप्तीला त्यांचं काही नाही.

मला वाटलं होतं अण्णा या सुरक्षित रकमेवर चिडतील. उलट ते म्हणाले, "आपल्याकडेही आहे की. कलम साठ." आणि त्यांनी पाठ केल्यासारखी यादी म्हटली. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं. बाईचा धर्माने न काढता येणारा दागिना. "मंगळसूत्राकडे बघायचंसुद्धा नाही. एकदा एका धनकोने मला सांगितलं, तिच्या गळ्यातलं घ्या. मी म्हटलं, तुम्ही घ्या, मी पंचनाम्यात तुमचं नाव लिहितो."

मग त्यांनी मला विचारलं, "तारीख कितवी होती?"

"बावीस."

"वेडी का काय तू? त्याचं उत्पन्न काय? भाडं. भाडं कधी येतं?"

एक तारखेला. मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णा पुढे सांगत होते, आमच्याकडे वकील ऊसबिलाची वाट बघायचे. कारखान्याचं बिल सोसायटीत जमा व्हायची बातमी लागली की धूळ खात पडलेल्या दरखास्ती, म्हणजे निकालाच्या वसुलीचे अर्ज, अचानक जाग्या व्हायच्या आणि नाझरात वॉरंटांचा ढीग पडायचा. रिट १८० दिवस चालतं, त्यामुळे माझ्याकडे वेळ होता. मी नवी सूचना लिहिली, पुन्हा फी भरली. (ही फी शेवटी देणेकऱ्याच्याच नावावर चढते, वर निकालाच्या रकमेला व्याज सुरू असतं. अण्णांना हे फार आवडलं.) खिडकीवर विचारलं, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बजावाल का? बाई म्हणाल्या, तारखेची हमी देत नाही. पण कागद आत घेताना त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, एवढं मी नक्की पाहिलं.

मधल्या काळात आमच्या नव्या इमारतीत एक गोष्ट घडली. समोरच्या दारावर एक दिवस कागद डकवलेला दिसला. मी येता-जाता वाचला. शेरीफची पाच दिवसांची नोटीस होती: अमुक तारखेच्या आत घर सोडा, नाहीतर बाहेर काढण्यात येईल. कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून सरळ डकवला होता, त्यावर वेळ लिहिली होती, सही होती. अण्णा असाच डकवायचे. ते खळ घेऊन जायचे, एवढाच फरक.

समन्स कुणीही बजावू शकतं, पण भाडेकरूला घराबाहेर काढायला इथे शेरीफच लागतो. मालकाने स्वतः कुलूप बदललं तर तो गुन्हेगार ठरतो. ठरलेल्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास दोन डेप्युटी आले. बरोबर मालकाचा माणूस आणि ड्रिल घेतलेला कुलूपवाला. मी दार किंचित उघडं ठेवून उभी होते, यात अभिमानाचं काही नाही. डेप्युटीने दार वाजवलं, नाव सांगितलं, थांबला, पुन्हा वाजवलं. आतून एक बाई आली, साठीची असेल, अंगावर हॉस्पिटलात घालतात तसला निळा गणवेश. रात्रपाळीहून आली असावी. डेप्युटीने विचारलं, आत आणखी कुणी आहे का, कुत्रं-मांजर आहे का, औषधं कुठली लागतात. मग औषधं, फोन, चार्जर, कागदपत्रं घ्यायला वेळ दिला. बाकी सामान आतच राहणार. ते मालकाने सांभाळायचं आणि ते सोडवून न्यायला तिला पंधरा दिवस. बाईने एक पिशवी भरली. परत आत गेली आणि खिडकीतलं तुळशीसारखं काहीतरी झुडूप घेऊन आली. ते कुंडीसकट हातात धरायला पिशवीचा अडथळा होत होता, म्हणून डेप्युटीने कुंडी घेतली आणि लिफ्टपर्यंत नेली. मागे ड्रिल सुरू झालं होतं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. दारावर नवा कागद लागला आणि कुलूपवाला मालकाच्या माणसाला किल्ल्या देऊन निघून गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांना फोन केला, सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलंच, तुम्हाला कधी नाही म्हणावंसं वाटलं नाही का.

खरं तर त्यांना सांगायला मी एक गोष्ट वाचून ठेवली होती. सॅन फ्रान्सिस्कोत कर्नी स्ट्रीटवर इंटरनॅशनल हॉटेल नावाची इमारत होती. तिथल्या छोट्या खोल्यांत म्हातारे फिलिपिनो आणि चिनी कामगार स्वस्तात राहायचे. मालकांना इमारत रिकामी हवी होती. कोर्टाचा हुकूम झाला. तेव्हाचे शेरीफ रिचर्ड हॉन्गिस्टो यांनी बजावणी करायला नकार दिला आणि कोर्टाच्या अवमानाबद्दल १९७७ मध्ये पाच दिवस स्वतः तुरुंगात काढले. ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे, बाहेर हजारो लोक हातात हात अडकवून उभे असताना, तेच शेरीफ घण घेऊन आत शिरले आणि दारं फोडताना लोकांनी त्यांना पाहिलं. पुढे इमारत पाडली. त्या जागेवर ज्येष्ठांसाठी घरं उभी राहायला २००५ साल उजाडलं.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. "पहाटे गेले?" त्यांनी विचारलं. "हां. आपल्याकडे ते चालत नाही. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत राहत्या घरात जप्तीला शिरायचं नाही." त्यांना त्या सगळ्या गोष्टीत हीच चूक दिसली.

मग जरा थांबून त्यांनी ओगलेवाडीकडची एक ताब्याची केस सांगितली. मी कधी ऐकली नव्हती. भावाभावांचा दावा, हरलेल्या भावाने घर सोडायचं. अण्णा वॉरंट घेऊन पोचले तेव्हा चूल पेटलेली आणि बाई भाकऱ्या थापत होती. जिंकलेला भाऊ चार माणसं आणि बैलगाडी घेऊन हजर. म्हणाला, काढा सामान. अण्णा ओट्यावर बसले. म्हणाले, मी आधी वॉरंट वाचतो. वाचलं. मग म्हणाले, पंच कुठायत? पंच आले. मग म्हणाले, मला तहान लागली. पाणी आलं. बाईची शेवटची भाकरी उतरली, पोरं जेवली, तिने परात धुऊन पालथी घातली, तेव्हा अण्णा उठले. अहवालात लिहिलं, "दुपारी दोन वाजता ताबा देण्यास सुरुवात केली."

"नाही म्हणायचा अधिकार बेलीफाला नसतो," ते म्हणाले. "तहान लागायचा असतो."

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरी जप्ती लागली आणि उरलेली सगळी रक्कम सापडली. मग पैसे बँकेतून शेरीफकडे गेले. देणेकऱ्याला सूट मागायची मुदत असते, ती संपेपर्यंत तिथेच राहिले. मालकाने सूट मागितली नाही. ऑगस्टमध्ये काउंटीच्या लिफाफ्यातून चेक आला. मी त्याचा फोटो काढून अण्णांना पाठवला. मला वाटलं होतं आता तरी शाबासकी मिळेल.

पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला.

"पुरशिस दिलीस का?"

"कसली?"

"भरून पावल्याची. पैसे मिळाले, आता माझी तक्रार नाही, असं कोर्टाला लिहून दिलंस का? त्याच्या नावावर ते कर्ज अजून दिसत असेल. लबाड असला म्हणून काय झालं, त्याने दिलेत ना पैसे?"

"त्याने नाही दिले अण्णा, शेरीफने काढले."

"तेच ते."

मी पाहिलं तर इथेही नेमका त्यासाठी एक पानी फॉर्म निघाला. पैसे पूर्ण मिळाले की तो दाखल करणं जिंकलेल्याचंच काम. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो भरला. मालकाचं नाव लिहिताना मधलं अक्षर तपासून घेतलं, आणि कोर्टाच्या पेटीत टाकून आले.